बारा अंश

मे महिन्याचा दुसरा आठवडा, विडी घरकुल,
पारा चव्वेचाळीस,
आणि मला थंडीत पिकणारी बिअर करायची होती.

एल सोपी असते म्हणे, वीस अंशांत उरकते.
पण सोलापुरात वीस अंश तरी कुठे ठेवलेत?
नाही तरी खोटंच हवामान करायचंय,
तर म्हटलं बारा अंशांचं करू, लागरच करू.

दुकानात तीन फ्रीज पडून होते, दुरुस्त होऊन न नेलेले.
त्यातला पिस्ता रंगाचा उचलला,
विजापूर रोडच्या कुणा वकिलाचा, जो फोन घेत नाही.
अठरा वर्षं कॉम्प्रेसर उघडतोय मी,
पहिल्यांदाच एकाला म्हटलं,
बाबा, जरा सांभाळून घे.

सातूला मोड आणले. पुष्पलता म्हणाली, मटकीसारखेच की.
गच्चीवर वाळवले, चिमण्यांनी पाव किलो नेले.
मग स्टीलच्या पिंपात सहासष्ट अंश, एक तास,
ना कमी ना जास्त,
आणि मोजायला नायनाचं थर्मामीटर,
डायहाउस बंद पडलं तेव्हा
हिशेबाच्या पैशांऐवजी त्यांनी खिशात घालून आणलेलं,
पितळी म्यानातलं, हातभर लांब.
नायना दारातल्या बाजेवरून बघत होते.
मी ढवळायला हात घातला की म्हणायचे, आगु.
थांब.
इतकंच. तेलुगूत, मराठीत, कशातच आणखी काही नाही.

कडू फुलं आणि यीस्ट पुण्याहून आलं, थर्माकोलच्या डब्यात,
एसटीच्या ड्रायव्हरनं मांडीजवळ ठेवून आणलेलं.

आठव्या दिवशी वास सुटला, गंधकाचा.
पलीकडचे इरप्पा हत्तरकी लोखंडी सळई घेऊन
दोन दिवस गटार उपसत होते.
तुमच्या बाजूनं येतोय बघा, म्हणाले.
मी म्हटलं, महापालिकेत तक्रार करू.
सळईचं दुसरं टोकही धरलं मी, काय करणार.

तेराव्या रात्री साडेदहाला लाईट गेली.
घरात होत्या नव्हत्या त्या चादरी काढल्या,
लग्नातल्या, बारशातल्या, मोराच्या, एक तर अजून पिशवीतली,
आणि फ्रीजला गुंडाळल्या, बाळंतिणीला गुंडाळावं तशा.
पुष्पलता कंदील धरून हसत होती:
फ्रीजला थंडी वाजतीय का हो?
वाजू दे, म्हटलं, वाजायलाच पाहिजे.
त्यातल्या चारांचा लाल नायनांच्या हातचा.
इतकी वर्षं वाटत होतं, चादर ऊब देते.
ती काही देत नाही.
आत जे असेल ते जाऊ देत नाही, एवढंच तिचं काम.
पहाटे चारला काटा चौदावर होता.
बाहेर एकतीस.

मग एका दुपारी पुष्पलता विडीची पानं कापता कापता म्हणाली,
लोणी कढवतंय का कोण?
तेव्हा कळलं, दोन दिवस उबेला आणायला हवी.
सतरा. मग उतरवत उतरवत दोन.
दोनावर पाच आठवडे.
नळाला पाणी चार दिवसांआड यायचं, भरायचो,
फ्रीजचं दार मात्र उघडायचं नाही.

आणि नेमका वकिलाचा फोन.
झाला का फ्रीज?
पार्ट यायचाय साहेब.
कुठून?
जर्मनीहून, म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

जुलैत अकरा बाटल्या निघाल्या. एक फुटली होती.
पहिली नायनांच्या स्टीलच्या फुलपात्रात ओतली.
फेस आला, टिकला नाही.
त्यांनी ती आधी उन्हात धरली,
सूत धरायचे तशी,
तिरकी करून, एक डोळा मिटून,
आणि मला पुन्हा नऊ वर्षांचा केलं.
मग घोट घेतला. मग दुसरा.
खाली रस्त्यावर कुणीतरी भंगार, भंगार ओरडत गेलं.

"बोअरचं पाणी घातलंस," म्हणाले.

घातलं होतं. शेवटचे चार लिटर.
नळाला पाणी नव्हतं त्या दिवशी.

जड पाण्यात रंग असाच मळका बसतो, ते म्हणाले,
आणि फुलपात्र पुढे केलं.